काळ्या पडद्याची चौकशी

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणकप्रणालीची नित्याची देखभाल थांबविली, आणि तेव्हापासून मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या ज्या घरांतून अद्याप धडधाकट असलेले, परंतु विंडोज ११ च्या अटींत न बसणारे संगणक उभे आहेत, त्या घरांतून लिनक्सविषयी विचारणा होऊ लागली आहे, असा निदान माझा तरी अनुभव आहे. प्रणाली मुक्त आहे, तिला परवान्याचे मोल पडत नाही आणि जुन्या यंत्रावरही ती सुखाने चालते, हे सर्व खरे. परंतु ती इन्स्टॉल झाल्यावर पहिल्याच दिवशी जर मॉनिटर काळा राहिला किंवा अक्षरे आडवी ताणली जाऊन दिसू लागली, तर नवशिक्याचा धीर सुटतो आणि तो जुन्या प्रणालीकडे मुकाट्याने परत जातो. वस्तुतः हा दोष बहुधा तासाभरात निवारण होण्याजोगा असतो. मात्र त्या तासाचा आरंभ उपायाने न करता चौकशीने करावा लागतो, आणि नेमके तेथेच आपण घाई करतो.

मुलुंड पूर्वेस आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या, रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे उदाहरण माझ्यासमोर ताजे आहे. त्यांनी कोणाच्याही साहाय्यावाचून लिनक्सची डेबियन १३ ही आवृत्ती, जुन्या यंत्रास झेपेल असा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडून आणि भाषा म्हणून अभिमानाने मराठी निवडून, स्वतः इन्स्टॉल केली. सायंकाळी त्यांचा फोन आला, "अहो, सगळं झालं, पण अक्षरं पोट सुटल्यासारखी दिसतायत." दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत त्यांनी निरनिराळ्या चित्रफिती पाहून तीन निरनिराळे उपाय केले होते आणि पोट सुटलेली अक्षरेही नाहीशी होऊन पडदा संपूर्ण काळा झाला होता. मूळ व्याधी एक होती. आता तिच्यावर औषधांच्या दोन व्याधी चढल्या होत्या. ज्या मनुष्याने उभी हयात व्हाउचरांची रुजुवात करण्यात घालविली, त्याने संगणकापुढे बसताच तो शिरस्ता सोडावा याचे मला नवल वाटले. परंतु तसे आपण सारेच करतो.

मराठी वाचकासाठी या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. लिनक्सवर चित्रमय पडदा बंद पडला तरी त्याच्या मागे केवळ अक्षरांचा एक साधा पडदा, ज्याला कन्सोल म्हणतात, तो बहुतेक वेळा जिवंत असतो, आणि इंग्रजी जाणणारा मनुष्य तेथून कारभार चालवू शकतो. परंतु त्या कन्सोलच्या अक्षरसंचात एका वेळी अधिकांत अधिक ५१२ आकृत्या मावतात आणि काना-मात्रा जोडण्याची किंवा जोडाक्षरे घडविण्याची विद्या त्याला अवगत नाही. त्यामुळे देवनागरीची तेथे चौकटींची किंवा चिन्हांची रांग होते. डेबियनचा मराठी इन्स्टॉलरदेखील याच कारणास्तव केवळ चित्रमय रूपातच उपलब्ध असतो. अक्षरी रूप घेतले की यादीतून मराठी गळते. म्हणजे इंग्रजाला जी सोय आहे ती आपल्याला अट आहे. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर जी राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्था होती, आणि जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, तिने 'इंडिक्स' या नावाने लिनक्सच्या चित्रपटलाच्या मुळाशीच देवनागरीची व्यवस्था करण्याचा उद्योग हाती घेतला होता. त्या उद्योगाचे मर्म हेच होते की, भारतीय लिपी वरून चिकटवून भागत नाही, ती पडदा रेखाटणाऱ्या यंत्रणेतच असावी लागते.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते, ती आधीच देऊन टाकतो. प्रणालीची भाषा मराठी ठेवावी, अवश्य ठेवावी. परंतु वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड रोमन अक्षरांतच असावेत, कारण काळ्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही तशी टंकताही येत नाही. आणि त्या कन्सोलवर प्रवेश केल्यावर मराठी संदेशांच्या जागी चौकटी दिसू लागल्या, तर प्रथम 'एक्सपोर्ट' हा शब्द, मग जागा सोडून 'एलसी', अधोरेषा, 'ऑल', बरोबरीचे चिन्ह आणि 'सी' असा हुकूम द्यावा. त्यात 'एक्सपोर्ट' लहान लिपीत आणि उरलेली अक्षरे मोठ्या लिपीत लिहावीत. तेवढ्या बैठकीपुरते संदेश इंग्रजीत येतात आणि वाचता येतात. प्रत्यक्ष हुकूम रोमन लिपीतच द्यावयाचे असल्यामुळे या लेखात मी त्यांचे उच्चार देत आहे. वाचकांनी ते आपल्या वहीत रोमन लिपीत उतरवून घ्यावेत, म्हणजे पडदा नसताना वही कामी येईल.

चौकशीचा आरंभ यंत्राच्या बाहेरून करावा. प्रणाली इन्स्टॉल करण्याच्या दिवशी आपण केवळ प्रणाली बदलीत नाही. यंत्र टेबलावरून हलवितो, धूळ पुसतो, केबली काढून पुन्हा लावतो, कधी उत्साहाच्या भरात मॉनिटरही बदलतो, आणि दोष दिसताच ठपका मात्र नव्या प्रणालीवर ठेवतो. ज्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविलेले आहे तेथे मॉनिटरची केबल त्या कार्डाच्या सॉकेटात न जाता मदरबोर्डाच्या सॉकेटात गेली, तर पडदा काळा राहणार हे उघड आहे. कार्ड निळ्या व्हीजीए सॉकेटाचे आणि मॉनिटर एचडीएमआयचा, किंवा उलट, असे असल्यास मधल्या कन्व्हर्टरवर पहिला संशय घ्यावा. आपल्या उपनगरांतील खाऱ्या, दमट हवेत सॉकेटांतील संपर्कबिंदू काळवंडतात, हेही ध्यानात असावे. आणि मॉनिटराऐवजी घरातील टीव्ही जोडला असून चित्राच्या चारही कडा कापल्या जात असतील, तर संगणकात काहीही शोधू नये; टीव्हीच्याच सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असा पर्याय असतो, तो निवडावा.

आता त्या पोट सुटलेल्या अक्षरांकडे येऊ. पडद्याचा आकार १०२४ गुणिले ७६८ यावर अडून बसला असेल, आणि यादीत त्याहून मोठा आकारच दिसत नसेल, तर ही संख्या स्वतःच एक साक्षीदार आहे. प्रत्येक मॉनिटराजवळ स्वतःची एक छोटी कैफियत असते. तिला 'ईडीआयडी' म्हणतात, तिचा मूळ भाग १२८ बाइटांचा असतो, आणि आपण कोण, आपले माप काय, आपल्याला कोणती वारंवारिता चालते, हे मॉनिटर त्या कैफियतीतून संगणकाला कळवितो. व्हीजीए केबलीच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ या क्रमांकांच्या पिनांवरून ही कैफियत येते. रंगांच्या पिना वेगळ्या. म्हणून यांपैकी एखादी पिन वाकली, तुटली, किंवा स्वस्त केबलीत मुळातच बसविलेली नसली, तरी चित्र व्यवस्थित दिसते, रंगही ठीक असतात, फक्त संगणकाला मॉनिटराची ओळख पटत नाही. आणि ओळख न पटलेल्या मॉनिटराला लिनक्स सावधगिरीने १०२४ गुणिले ७६८ पर्यंतचेच आकार देऊ करते. आमच्या गृहस्थांचा सारा घोटाळा एवढाच होता. यंत्र पुसून जागेवर लावताना बारा क्रमांकाची पिन वाकली होती. टॉर्चच्या उजेडात ती मला दिसली, आणि माझ्या पिशवीतील दुसऱ्या केबलीने १६०० गुणिले ९०० हा त्या मॉनिटराचा खरा आकार तत्काळ यादीत आला.

अर्थात तेथवर पोहोचण्यापूर्वी त्यांनी केलेले उपाय मला उलगडावे लागले. एका चित्रफितीत सांगितल्याबरहुकूम त्यांनी 'इटीसी'च्या पोटातील 'एक्स-इलेव्हन' या फोल्डरात 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' नावाची फाईल लिहून तीत एनव्हिडिया ड्रायव्हरचे नाव घातले होते. त्यांच्या यंत्रात एनव्हिडियाचे कार्डच नव्हते, इंटेलचे ग्राफिक्स होते. जो मुखत्यार अस्तित्वातच नाही त्याच्या नावे मुखत्यारपत्र केल्यासारखे ते झाले, आणि चित्रपटल सुरूच होईना. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकदम दाबाव्यात, कन्सोलवर नावानिशी प्रवेश करावा आणि त्या फाईलीचे नाव बदलून टाकावे. पुसू नये, नाव बदलावे, म्हणजे काय लिहिले होते त्याचा पुरावा राहतो. त्यासाठी रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, अधिकार लागतो; तो एरव्ही 'सुडो'ने मिळतो, परंतु डेबियन इन्स्टॉल करताना रूटचा स्वतंत्र पासवर्ड दिला असेल तर 'सुडो' चालत नाही. तेथे 'एसयू', जागा आणि आडवी रेघ असा हुकूम देऊन रूटचा पासवर्ड द्यावा. आजच्या काळात ही फाईल लिहिण्याची गरज शंभरातून एखाद्यालाच पडते. गेल्या शतकाच्या अखेरीस, पीसीक्वेस्ट मासिकाच्या जोडीने आलेल्या सीडींवरून ज्यांनी लिनक्स चढविले, त्यांना मॉनिटराच्या आडव्या-उभ्या वारंवारिता हाताने लिहाव्या लागत, आणि चुकीची संख्या पडल्यास जुना काचनळीचा मॉनिटर बिघडण्याची भीती असे. ती विद्या आता निरुपयोगी झाली आहे, परंतु चित्रफितींतून तिचे भूत अजून हिंडते.

केबल निर्दोष ठरली आणि तरीही दोष कायम आहे, तर दुसरा प्रश्न हा की, ग्राफिक्स कार्डाचा कारभार सध्या कोणाच्या हाती आहे. याचे उत्तर 'एलएसपीसीआय' या हुकमापुढे जागा सोडून 'वजा के' लिहिल्याने मिळते. जी लांबलचक यादी येते तीत 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' असा शब्द असलेली नोंद शोधावी आणि तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. इंटेलसाठी तेथे बहुधा 'आय-नऊशे-पंधरा', एएमडीसाठी 'एएमडीजीपीयू' किंवा जुन्या कार्डांसाठी 'रेडिऑन', आणि एनव्हिडियासाठी मुक्त 'नुव्हो' किंवा कंपनीचा स्वतःचा 'एनव्हिडिया' हा ड्रायव्हर दिसावयास हवा. ती ओळच नसेल, तर कार्ड बेवारस आहे असे समजावे. सेटिंगमधील 'माहिती' या पानावर ग्राफिक्सच्या नावासमोर 'एलएलव्हीएमपाइप' असा विचित्र शब्द दिसला, तर त्याचाही अर्थ तोच: चित्र काढण्याचे काम कार्डाऐवजी मुख्य प्रोसेसर वेठीने करीत आहे. असा संगणक चालतो, पण खिडकी सरकविताना धापा टाकतो.

बेवारसपणाचे एक नित्याचे कारण फर्मवेअर हे असते. विशेषतः एएमडीच्या कार्डांना सुरुवातीस कंपनीचा एक बंदिस्त संकेतसंच भरवावा लागतो. डेबियनच्या तत्त्वनिष्ठ मंडळींनी अशा बंदिस्त वस्तूंना अधिकृत इन्स्टॉलरपासून दीर्घकाळ दूर ठेविले होते, आणि २०२२ सालच्या मतदानानंतर, जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून, तो सोवळेपणा सैल झाला. तात्त्विकदृष्ट्या मला त्या जुन्या भूमिकेविषयी आदरच आहे, परंतु ज्याच्यापुढे काळा पडदा आहे त्याला तत्त्वज्ञान वाचता येत नाही. कोणी मित्राने जपून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरून जुनी आवृत्ती चढविली असेल, तर हा संशय प्रथम घ्यावा. 'डीमेसेज' (डी, एम, ई, एस, जी) या हुकमाच्या उत्तरात 'फर्मवेअर' आणि 'फेल्ड' हे शब्द एकाच ओळीत आढळले की संशयाची खातरी पटली. मग नवी आवृत्ती घ्यावी, किंवा एएमडीसाठी 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' हे पॅकेज चढवावे.

परंतु पडदा आरंभापासूनच काळा असेल आणि कन्सोलही दिसत नसेल, तर हे सारे वाचणार कसे? त्यासाठी 'नोमोडसेट' हा एक शब्द आहे. 'नो', 'मोड' आणि 'सेट' हे तीन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता लिहिले की तो सिद्ध होतो. यंत्र सुरू होताना 'ग्रब' नावाचा मेनू येतो. तो आपोआप न आला तर जुन्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरावी, नव्यावर एस्केप दाबावी. मेनूच्या पहिल्या ओळीवर असताना इंग्रजी 'ई' ही कळ दाबली की काही ओळी उघडतात. त्यांतील 'लिनक्स' या शब्दाने आरंभ होणाऱ्या ओळीच्या अगदी शेवटी जाऊन, एक जागा सोडून, हा शब्द लिहावा, आणि कंट्रोलसह एक्स दाबावी. त्याच ओळीतील 'क्वायट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढून टाकले, तर यंत्र सुरू होताना काय काय घडते त्याची जबानीही पडद्यावर उमटते. या शब्दाचा अर्थ असा की, पडद्याचा आकार ठरविण्याचा अधिकार कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, स्वतःकडे घेऊ नये, यंत्राने मुळात जो आकार दिला आहे त्यावरच भागवावे. उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या इन्स्टॉलरमधील 'सेफ ग्राफिक्स' हा पर्याय बहुतांशी याच तजविजीवर उभा आहे. येथे माझा एक आग्रह आहे. हा शब्द कायमचा करू नये. तो घरात शिरण्यापुरती मागची खिडकी आहे; तो असेपर्यंत ड्रायव्हर कामाला लागत नाही, आकार वाढत नाही, दुसरा मॉनिटर चालत नाही, लॅपटॉपचा प्रकाश कमीजास्त होत नाही. अनेक जण तो 'ग्रब'च्या सेटिंगमध्ये कायम करून टाकतात आणि पुढे सहा महिने लिनक्स मंद असते म्हणून कुरकुर करीत राहतात. ग्रबमध्ये असा हाताने लिहिलेला शब्द त्या एका सुरुवातीपुरताच टिकतो, हा त्याचा गुण आहे.

एनव्हिडियाच्या कार्डांचे प्रकरण निराळे आहे, आणि त्या कंपनीविषयी लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्स यांनी, २०१२ साली फिनलंडमधील एका भर सभेत जी हस्तमुद्रा करून दाखविली तिचे वर्णन येथे करणे सभ्यतेला धरून होणार नाही. तेव्हापासून परिस्थिती सुधारली आहे. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. तथापि सामान्य वापरकर्त्याने एकच नियम पाळावा: ड्रायव्हर कंपनीकडून फाईल आणून हाताने चढवू नये, आपल्या प्रणालीच्या भांडारातूनच घ्यावा, कारण हाताने चढविलेला ड्रायव्हर पुढील कर्नल बदलताच निराधार होतो आणि पडदा पुन्हा काळा होतो. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर-व्यवस्थापक आहे. डेबियनमध्ये 'एनव्हिडिया-डिटेक्ट' हे साधन कोणते पॅकेज घ्यावे ते सांगते. आणि यंत्रात 'सिक्युअर बूट' सुरू असेल, तर ड्रायव्हर चढविताना एक पासवर्ड मागितला जाऊ शकतो व पुढील सुरुवातीस एक निळा पडदा येतो, ज्यावर 'एनरोल एमओके' हा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यावयाचा असतो. बहुतेक लोक त्या अनोळखी निळ्या पडद्याला घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात, आणि मग ड्रायव्हर शिक्क्याविना राहतो व कर्नल त्याला दारातून परत पाठवितो.

पासवर्ड देताच पडदा क्षणभर लुकलुकून पुन्हा पासवर्डच विचारू लागला, तर तो दोष बहुधा पडद्याचा नसतो. डिस्क भरली असेल तरी असे होते. कन्सोलवर 'डीएफ वजा एच' या हुकमाने ते कळते. किंवा अधीरपणे 'सुडो' लावून काही चित्रमय कार्यक्रम चालविल्यामुळे आपल्या घरच्या फोल्डरातील 'एक्सऑथॉरिटी' ही फाईल रूटच्या मालकीची झालेली असते.

आकार हाताने घडविण्याचा जो 'एक्सरँडर'चा मार्ग सर्वत्र सांगितला जातो, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण केबल खरोखरच बदलता येत नसेल तेव्हाच तो अवलंबावा. त्यातही दोन खाचखळगे आहेत. १९८७ पासून चालत आलेल्या एक्स-इलेव्हन व्यवस्थेत तो चालतो. परंतु अलीकडच्या उबुंटूत व डेबियनच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये जी वेलँड ही नवी व्यवस्था असते, तीत तो आकार बदलू शकत नाही, आणि माणूस तासन्‌तास हुकूम देत बसतो. दुसरे असे की, १३६६ गुणिले ७६८ या आकाराची मागणी 'सीव्हीटी' या साधनाकडे केली असता ते १३६८ रुंदीचा आकार देते, कारण त्याच्या हिशेबात रुंदीला आठाने निःशेष भाग जावा लागतो. ही चूक नव्हे. दोन्ही व्यवस्थांत चालणारा मार्ग म्हणजे ग्रबच्या त्याच ओळीत 'व्हिडिओ', बरोबरीचे चिन्ह, सॉकेटाचे नाव, विसर्गचिन्हासारखे दोन बिंदू आणि हवा तो आकार असे लिहिणे.

एवढे करूनही मार्ग न निघाला आणि संगणकबाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची, वाट धरावी लागली, तर बोरिवलीकराने थेट ग्रँट रोडला उतरावे आणि मुलुंड-घाटकोपरकराने दादरला गाडी बदलावी. पण मॉनिटर बरोबर नेऊ नये. सकाळच्या लोकलमध्ये मनुष्यालाच जेथे उभे राहण्यास जागा नाही तेथे मॉनिटराची काय कथा! त्याऐवजी जुनी केबल, दोन्ही सॉकेटांची छायाचित्रे आणि 'एलएसपीसीआय'च्या त्या दोन-तीन ओळी एवढे न्यावे. जाणत्या मित्राचा सल्ला घेतानाही 'पडदा दिसत नाही' असे मोघम सांगण्यापेक्षा त्याच ओळी दाखवाव्यात, आणि 'जर्नलसीटीएल'ला 'वजा बी' आणि 'वजा एक' जोडून मागील सुरुवातीची जी नोंदवही मिळते तिच्यातील लाल अक्षरांतील भाग दाखवावा. ज्यांना स्वतः शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाचे लिनक्सविषयक छोटे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. प्रत्येक पाठ साधारणतः दहा मिनिटांचा असून पाहता पाहता करून बघण्याच्या बेताने रचलेला असतो.

आमच्या गृहस्थांच्या टेबलावर आता नवी केबल आहे आणि तिचे दोन्ही स्क्रू घट्ट आवळलेले आहेत. अक्षरे आपल्या मूळ बांध्यावर आल्यानंतर त्यांनी प्रथमच मेनू स्वस्थपणे वाचला, आणि त्यातील एका मराठी शब्दाचे लिंग चुकले आहे अशी तक्रार माझ्याकडे केली. भाषांतर स्वयंसेवक करतात, आपणही दुरुस्ती पाठवू शकता, असे मी सांगताच त्यांनी वही पुढे ओढली.